चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातलं गाव. दक्षिणेला पैनगंगा, नदी ओलांडली की तेलंगण. जमिनीच्या पोटात कोळसा आणि चुनखडी, जमिनीवर कापूस. वणीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो आणि २०२२ पासून गावाजवळ सिमेंटचा मोठा कारखाना चालू आहे. मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानावर पडणारा हा भाग.

माणसाच्या मेंदूला इजा होण्याची बहुतेक सगळी कारणं या टापूत एकत्र सापडतात. कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांची वाहतूक, तिच्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या. कपाशीच्या रानातला मण्यार, ज्याच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो. फवारणीचं विष: २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले. मेंदूज्वर, लकवा. आणि या जिल्ह्याच्या वाट्याला आलेल्या शेतकरी आत्महत्या. त्या प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी काहींच्या मेंदूला प्राणवायू न मिळाल्याची खूण कायमची राहते, पण त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

यातून जो जगतो, त्याच्या घरच्यांना काही महिन्यांनी कुणीतरी सांगतं, की अपंगाचा दाखला काढा, निराधारचे पैसे सुरू होतील. मग वैद्यकीय बोर्डाची तारीख, बोर्डासमोरची काही मिनिटं आणि शेवटी एक आकडा. गावात विचारतात ते एवढंच: ‘टक्के किती निघाले?’ आकडा चाळीस किंवा त्याहून वर असेल, तर सरकारी योजनांचं दार उघडतं. अलीकडे राहिला तर माणूस कागदोपत्री धडधाकट ठरतो. हात मोडलेल्याला, पाय गमावलेल्याला हा आकडा बऱ्यापैकी न्याय देतो. ज्याचे हातपाय शाबूत आहेत पण स्मरण, भान, राग आणि निर्णय यांचा ताळमेळ गेला आहे, त्याच्या बाबतीत तोच आकडा वारंवार चुकतो. असं का होतं, हे समजायचं तर आकड्याचा जन्म शोधावा लागतो. त्याचे पूर्वज दोन आहेत. एक कारखान्यातून आला, दुसरा मतिमंदांसाठीच्या इंग्रजी कायद्यातून. आणि प्रौढपणी मेंदूला मार लागलेला माणूस या दोघांच्याही घरचा नाही.

अवयवांची किंमत

पहिला पूर्वज जर्मनीतला. १८८४ मध्ये बिस्मार्कच्या काळात तिथं औद्योगिक अपघात विम्याचा कायदा झाला. अपघाताने पूर्ण निकामी झालेल्या कामगाराला मजुरीच्या दोनतृतीयांश इतकं निवृत्तिवेतन आणि अंशतः निकामी झालेल्याला त्या प्रमाणात कमी, अशी त्यात सोय होती. ‘प्रमाणात’ म्हटलं की मोजणी आली. कमाईची ताकद किती घटली, हे कुणीतरी आकड्यात सांगायला हवं होतं. ते काम डॉक्टरांकडे गेलं आणि डॉक्टरच्या हातात टक्केवारी आली.

भारतात हा विचार १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आला. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे आणि खाणी हे त्याचं क्षेत्र. या कायद्याला एक परिशिष्ट जोडलं होतं, आणि कायद्याचं नाव पुढं बदललं तरी ते परिशिष्ट आजही आहे. त्यात अवयव आणि त्यांच्यापुढे टक्के आहेत. दोन्ही हात गेले तर शंभर. अंगठा गेला तर तीस. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर चाळीस. तर्जनी संपूर्ण गेली तर चौदा. पूर्ण बहिरेपणा शंभर. वकील नसलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या मजुरालाही आपला हक्क बोटावर मोजता यावा, ही या यादीची मोठी सोय होती. तिने हजारो घरांना आधार दिला, हे विसरता येणार नाही.

पण या यादीत मेंदूची ओळच नाही. खाणीत डोक्यात दगड पडलेला मजूर बचावला आणि पुढं नीट काम करू शकला नाही, तर त्याची गणती यादीबाहेरच्या इजांमध्ये होते. मग तूट किती, हे एकेका डॉक्टरच्या अंदाजावर येऊन ठेपतं. जे दिसतं त्याचा दर छापील आहे आणि जे दिसत नाही ते सिद्ध करण्याची जबाबदारी जखमी माणसावर आहे.

पहिल्या महायुद्धाने ही पद्धत पक्की केली. ब्रिटनने जखमी सैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी अवयवांना टक्के लावले. त्याच युद्धात तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी कवटी फुटलेले पण जिवंत राहिलेले हजारो तरुण घरी परतले. १९१६ मध्ये फ्रँकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डस्टाइन या मज्जाविकारतज्ज्ञाने मेंदूच्या इजेच्या परिणामांचा अभ्यास करणारी संस्था उभी केली. तिथं सैनिकांवर उपचार झाले, मानसशास्त्रीय चाचण्या झाल्या आणि कामाची तालीमही झाली. गोल्डस्टाइनला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ओळखीच्या, ठरावीक कामात हे तरुण बरे वाटत. परिस्थिती जराशी बदलली, दोन गोष्टींचा एकदम विचार करायची वेळ आली, की ते कोलमडत. म्हणजे खोलीत बसवून विचारलेल्या चार प्रश्नांवरून अशा माणसाची क्षमता कळत नाही. हे ज्ञान शंभर वर्षांपूर्वीचं आहे. कायद्यांच्या परिशिष्टात मात्र त्याला जागा मिळाली नाही.

अपुरी राहिलेली वाढ

दुसरा पूर्वज इंग्लंडचा. १९१३ मध्ये तिथं ‘मेंटल डेफिशियन्सी अ‍ॅक्ट’ झाला. बौद्धिक कमतरता जन्मापासून किंवा अगदी लहान वयापासून असेल तरच माणूस त्याच्या कक्षेत येई. पुढं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक विलक्षण साथ युरोपभर पसरली. त्या निद्राज्वरातून वाचलेल्या अनेक मुलांचा स्वभाव, वागणं आणि आकलन बदलून गेलं होतं. ती जन्मतः मंद नव्हती, म्हणून कायद्यात बसेनात. तेव्हा १९२७ मध्ये कायदा बदलला. मनाची वाढ खुंटलेली किंवा अपुरी राहिलेली असणं, ती अवस्था वयाच्या अठरा वर्षांआधी आलेली असणं, मग ती आतून उपजलेली असो वा आजाराने किंवा इजेने आलेली असो, अशी नवी व्याख्या आली.

हा क्षण महत्त्वाचा आहे. मेंदूच्या इजेसाठी कायद्याचं दार प्रथमच उघडलं गेलं आणि त्याच वेळी त्यावर वयाची पाटी लागली. अठराव्या वर्षाआधी मार लागला असेल तर आत, नंतर लागला असेल तर बाहेर. अमेरिकेतही पुढं असंच घडलं. विकासात्मक अपंगत्वाच्या संघीय कायद्यात १९७८ मध्ये बावीस वर्षांची अट आली. तिथं १९९० मध्ये शिक्षणाच्या कायद्यात मेंदूच्या इजेचा स्वतंत्र प्रवर्ग झाला, तोही मुलांसाठी. मेंदूच्या इजेसाठी वेगळा कायदा यायला १९९६ उजाडलं.

मनाची वाढ खुंटल्याची तीच इंग्रजी शब्दरचना १९९५ च्या भारतीय अपंग व्यक्ती कायद्यात मतिमंदत्वाच्या व्याख्येत जशीच्या तशी आढळते. ‘आजाराने वा इजेने’ हा १९२७ चा तुकडा मात्र गळून पडला होता. ज्याच्या मनाची वाढ नीट झाली, जो शिकला, संसाराला लागला आणि मग तिसाव्या वर्षी ज्याने आपलं मन गमावलं, त्याला ही व्याख्या लागू होत नव्हती.

मोजण्याची साधनंही त्याच वळणाची. यातल्या एका साधनाचा धागा आपल्या विदर्भात येतो. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या डॉ. ए. जे. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापनाची चाचणी बसवली आणि व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी भारतीय घरांना साजेशी केली. या श्रेणीत ८९ बाबी आहेत. मूल स्वतः जेवतं का, गुंड्या लावतं का, शेजारच्या घरी एकटं जातं का, अशी चढती पायरी पंधराव्या वर्षापर्यंत जाते. मालिन यांचं काम फार मोलाचं होतं. त्यांच्यामुळे असंख्य मुलांना परक्या देशाच्या मापाने मोजलं जाणं टळलं. पण मुलांसाठी घडवलेली श्रेणी प्रौढापुढे ठेवली की त्याचा ऱ्हास तिला दिसू शकत नाही. गुंड्या लावायला तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिकला होता आणि आजही लावतो. बी-बियाण्याचा हिशेब, औषधाची मात्रा, उसनवारीचे शब्द आणि गर्दीत राग आवरणं यांतलं काय त्याच्या हातून सुटलं, हे ८९ बाबींत शोधून सापडत नाही.

चाळीस कुठून आले

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं अपंगत्व म्हणजे अंधत्व, बहिरेपण आणि अस्थिव्यंग असंच सरकारी कागदात धरलं जाई. १९७७ मध्ये केंद्राने नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागा दिल्या, त्या याच तिघांसाठी, एकेक टक्का. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये तज्ज्ञांची बैठक होऊन कायम शारीरिक व्यंग कसं मोजावं याची डॉक्टरांसाठी पुस्तिका निघाली. सवलती वाढत होत्या आणि प्रत्येक खात्याची मोजणी वेगळी होती. तिला एक शिस्त हवी होती.

ती ६ ऑगस्ट १९८६ ला आली. केंद्राच्या कल्याण मंत्रालयाने दृष्टी, हालचाल, वाचा-श्रवण आणि बुद्धी अशा अपंगत्वांच्या एकसारख्या व्याख्या जाहीर केल्या. सवलत हवी तर अपंगत्व किमान चाळीस टक्के हवं, हे त्यात ठरलं. चाळीसच्या आत सौम्य, पुढे मध्यम, पंचाहत्तरपासून तीव्र. राज्याच्या तिजोरीला झेपेल एवढ्या लोकांपर्यंत मदत न्यायची तर कुठंतरी रेघ ओढावी लागते. ही रेघ चाळीसवर ओढली गेली आणि पुढं ती हलली नाही. १९९५ चा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला, तेव्हा चाळीस टक्के ही अपंग व्यक्तीच्या व्याख्येतलीच अट बनली. सात प्रकारांची यादी आली: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व, मानसिक आजार. मेंदूच्या इजेचं नाव कुठंच नव्हतं.

तरीही ती पूर्णपणे बाहेर राहिली नाही. १ जून २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत, हालचालीच्या अपंगत्वाच्या पोटात, मज्जासंस्थेच्या आजारांसाठी एक तक्ता होता. तो वाचताना वाटतं, की लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे डोक्याला मार लागलेला माणूसच उभा होता. अर्धांगातली कमजोरी सौम्य असेल तर पंचवीस, मध्यम पन्नास, तीव्र पंचाहत्तर. बोलणं मध्यम अडखळत असेल तर पंचवीस, फार असेल तर पन्नास. बौद्धिक घट पंचवीसपासून शंभरपर्यंत, आणि ती मानसोपचारतज्ज्ञाने किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने मोजावी अशी टीप. डोक्याच्या मारानंतर येणाऱ्या झटक्यांसाठी स्वतंत्र ओळ: औषध नियमित घेऊनही महिन्याला एक ते पाच झटके आले तर पंचवीस, सहा ते दहा आले तर पन्नास, दहाहून जास्त आले तर पंचाहत्तर. तपासणी आजार सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी करावी, आणि आजाराचं नाव न बघता त्याचे परिणाम बघावेत, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं.

एकाहून अधिक उणिवा असतील तर त्या जोडण्याचं सूत्रही होतं. मोठा आकडा तसाच ठेवायचा. नव्वदमधून तो वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचं, नव्वदने भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. ज्याचा डावा हात-पाय थोडा ओढतो त्याचे पंचवीस, आणि बोलणं मध्यम अडखळतं त्याचे पंचवीस. सूत्राने होतात त्रेचाळीस. एकच गोष्ट मोजली तर तो माणूस रेघेच्या अलीकडे, दोन्ही मोजल्या तर पलीकडे. बोर्डाने सगळ्या ओळी तपासल्या की एकच तपासली, यावर एका कुटुंबाची वर्षं अवलंबून असतात. आणि हा तक्ता हालचालीच्या विभागात असल्यामुळे अशा माणसाची पहिली गाठ पडते ती अस्थिरोगतज्ज्ञांशी. ते हात-पाय बघतात आणि ते बरोबरही बघतात. ज्याचं हरवलेलं सगळं कपाळाच्या मागे आहे, तो त्यांच्यासमोर स्वतःच्या पायांनी चालत येतो.

मधल्या फटी

१९९९ मध्ये नॅशनल ट्रस्टचा कायदा आला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या ज्या मुलांचं आईबापांनंतर कुणी नाही, त्यांच्यासाठी हा कायदा म्हणजे पालकांच्या पिढीने लढून मिळवलेला आधार. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालक नेमू शकते, आणि पुढं निरामय योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळू लागला. या कायद्यातल्या मेंदूच्या पक्षाघाताच्या व्याख्येत मेंदूची इजा हे शब्द आहेत. मात्र ती इजा गर्भात, जन्माच्या सुमारास किंवा तान्हेपणी झालेली असावी लागते. तिसाव्या वर्षी ट्रकने उडवलेल्या माणसाच्या मेंदूतही इजाच असते आणि आंघोळीपासून सहीपर्यंत त्यालाही कुणीतरी लागतं. तरी निरामयचा विमा त्याला नाही आणि जिल्ह्याची समितीही त्याच्यासाठी नाही.

मानसिक आजारासाठी २००२ मध्ये ‘आयडियाज’ ही मोजणी अधिकृत झाली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ती बनवली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, अशा चार बाजू बघून प्रत्येकीला शून्य ते चार गुण देतात. आजार किती काळ आहे त्याचे गुण वेगळे. एकूण वीसपैकी सात झाले की चाळीस टक्के. घरच्यांना विचारून गुण द्यायचे, हे या पद्धतीत गृहीत आहे. माणूस रोजच्या जगण्यात काय करू शकतो हा प्रश्न इथं केंद्रस्थानी आहे आणि मेंदूच्या इजेला तो जितका लागू पडतो तितकी अवयवांची कुठलीच यादी पडत नाही. पण या वाटेने जायला बरीच घरं कचरतात. ‘आमचा माणूस वेडा नाही, त्याच्या डोक्याला मार लागलाय,’ असं म्हणणारी माणसं चूक नसतात. समाजाने मानसिक आजाराला जो कलंक चिकटवला, त्याची किंमत या घरांनाही मोजावी लागते.

२०१६ चा कायदा आणि सिकलसेलचा धडा

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्यातून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सात प्रकारांचे एकवीस झाले. मेंदूची इजा त्या एकवीसांतही नावाने नाही. तरीही जागा रुंद झाली. मेंदूविकारामुळे वाचा गेली, तर वाचा व भाषेचं अपंगत्व आता स्वतंत्रपणे मान्य आहे. दीर्घकालीन मज्जाविकारांचा प्रवर्ग आला, ज्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन उदाहरणादाखल दिले आहेत. विचार, भान किंवा स्मरण यांतला मोठा बिघाड मानसिक आजाराच्या व्याख्येत येतो. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या नव्या व्याख्येत वाढ खुंटल्याची अट उरलेली नाही. आणि यादीच्या शेवटी केंद्र सरकारला नवा प्रकार अधिसूचनेने जोडण्याचा अधिकार दिला आहे. मोजणीच्या सूचना ४ जानेवारी २०१८ ला नव्याने आल्या आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा बदलल्या. रेघ चाळीसवरच राहिली.

याच कायद्यात सिकलसेल आला, हे विदर्भाने नीट पाहावं. गोंड, कोलाम, महार आणि इतर अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा रक्तदोष. शरीर वरून शाबूत दिसतं आणि वेदना आत असते, म्हणून सिकलसेलचे रुग्णही वर्षानुवर्षं दाखल्याच्या दारातून परत फिरत होते. रुग्ण, त्यांची कुटुंबं आणि डॉक्टर एकत्र आले, मागत राहिले आणि कायद्याच्या यादीत नाव आलं. न दिसणारी उणीव कायद्यात येऊ शकते, याचा हा घरचा पुरावा आहे. मेंदूला मार लागलेल्यांची अशी संघटित वाणी उभी राहिलेली नाही. त्याचं कारण दुखण्यातच दडलेलं आहे. ज्याला इजा झाली त्याची बोलण्याची, आखणी करण्याची, पाठपुरावा करण्याची शक्तीच गेलेली असते, आणि घरातल्या बाईचा दिवस त्याच्यामागे संपतो. मोजदादीतही ही माणसं वेगळी दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ४९ लाखांहून अधिक, म्हणजे जवळजवळ पाचातला एक, ‘इतर’ या रकान्यात गेला.

वाचणारे वाढले

दरम्यान वैद्यकशास्त्र पुढं गेलं. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला, १९७४ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी बेशुद्धीची खोली मोजणारी श्रेणी दिली. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. राजीव गांधी जीवनदायी योजना, म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, डोक्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलू लागली. पूर्वी जो रस्त्यातच गेला असता, तो आज नागपूरहून डोक्यावर टाके घेऊन जिवंत परत येतो. जीव वाचवण्याचा खर्च राज्य करतं, आणि वाचलेल्या माणसाची पुढची तीसचाळीस वर्षं घरावर सोडून देतं. वाचणारे वाढले तशी दाखल्याची मोजणी बदलायला हवी होती. ती त्या वेगाने बदलली नाही.

न्यायालयांनी मात्र हा फरक ओळखला. २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरने दिलेली अवयवाची टक्केवारी आणि कमाईची ताकद किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डावा हात गेलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ पूर्ण निकामी होतो, तोच हात गेलेला कारकून नोकरीत राहू शकतो. २०२० मध्ये, अपघाताने मेंदूची वाढ मागे गेलेल्या एका मुलीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने भरपाई सुमारे ६२ लाखांवर नेली आणि दिवसरात्र लागणाऱ्या दोन मदतनिसांचा आयुष्यभराचा खर्च हिशेबात धरला. माणसाला उद्या सकाळपासून किती मदत लागेल, या मापाने न्यायालयाने मोजलं. हेच माप दाखल्यालाही लागू व्हायला हवं.

मुकुटबनहून यवतमाळ

आता हा सगळा वारसा मुकुटबनच्या एका घराच्या नजरेने पाहू. समजा, पस्तिशीतला एक माणूस सिमेंटच्या गाडीवर चालक होता. अपघात झाला, नागपुरात शस्त्रक्रिया झाली, आठ महिन्यांनी तो चालतो, जेवतो, नाव-गाव सांगतो. पण सकाळचं दुपारी आठवत नाही, पैसे कुणालाही देतो, भांडतो, गॅस चालू ठेवून निघून जातो. आपल्याला काही झालं नाही, असं तो ठामपणे सांगतो. त्याचं ते सांगणंही इजेचाच भाग आहे, कारण उणीव ओळखणारी शक्तीच जखमी आहे.

जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ, शंभर किलोमीटरहून लांब. आदिलाबाद आणि चंद्रपूर दोन्ही त्याहून जवळ. एक दुसऱ्या राज्यात, दुसरं दुसऱ्या जिल्ह्यात. नियमाने अर्ज राहत्या जिल्ह्यात करावा किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तिथं. ही दुसरी मुभा अनेक कुटुंबांना कुणी सांगत नाही. नागपूरच्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले असतील, तर अर्ज तिथंही करता येतो, आणि मेंदूविकाराचे तज्ज्ञ तिथंच अधिक आहेत. दाखला देशभर चालतो. नाकारायचा असेल तर कारण लेखी देऊनच नाकारता येतो आणि त्याविरुद्ध अपील आहे.

बोर्डापुढे काय न्यावं, हेही घरांना माहीत असायला हवं. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅन तर हवेतच. त्यासोबत एका महिन्याची साधी नोंदवही न्यावी: कुठल्या दिवशी काय विसरला, किती वेळा झटका आला, काय सांगून करून घ्यावं लागलं, एकटा किती वेळ ठेवता येतो. वाचा, झटके, बुद्धी, वागणूक आणि हातपाय या सगळ्यांची तपासणी व्हावी आणि आकडे सूत्राने जोडले जावेत, अशी लेखी विनंती करावी. रुग्णाला एकट्याला विचारून थांबू नये, सोबतच्या बायकोचं किंवा आईचं ऐकावं, हेही सांगावं.

हे सगळं कशासाठी? १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी, जिच्यात २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम महिना २,५०० रुपये झाली. एसटीच्या पंचाहत्तर टक्के सवलतीसाठी, कारण दवाखान्याच्या फेऱ्या संपत नाहीत. ग्रामपंचायतीने दिव्यांगांवर खर्च करायच्या पाच टक्के निधीतल्या वाट्यासाठी. आणि तो सरकारी नोकरीत असेल, तर २०१६ च्या कायद्याने त्याला नोकरीवरून काढता येत नाही, झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला मात्र ऐंशी टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं घर अशी अट आहे. मेंदूच्या इजेत ऐंशीचा आकडा गाठणं किती अवघड आहे, हे २००१ च्या तक्त्यावरून कळतं.

काय मागायचं

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. त्यामागे अमरावतीच्या बच्चू कडू यांच्यासारख्या विदर्भातल्याच कार्यकर्त्यांची चळवळ होती. ज्या राज्याला हे जमलं, त्याला पुढचं पाऊल अवघड नाही. मेंदूच्या इजेला केंद्राच्या यादीत नावाने जागा मिळावी, असा आग्रह राज्याने धरावा. कायद्यात त्याची तरतूद आधीच आहे. ते होईपर्यंत प्रत्येक जिल्ह्याच्या बोर्डात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असावा, आणि जिथं नाही तिथं ठरावीक दिवशी नागपूरहून यावा. झरी जामणीसारख्या टोकाच्या तालुक्यांसाठी बोर्डाने पांढरकवडा किंवा वणी इथं नियमित बसावं. घरच्यांची साक्ष नोंदवण्याचा रकाना तपासणीच्या फॉर्मवर असावा. पहिला दाखला तात्पुरता देऊन दोन वर्षांनी पुन्हा तपासावा, कारण मेंदू काही प्रमाणात सावरतो आणि काही उणिवा उशिरा उघड होतात.

खोट्या दाखल्यांच्या बातम्यांनंतर बोर्ड अधिक कडक होत आहेत. फसवणूक थांबलीच पाहिजे. पण कडकपणाचा पहिला फटका ज्यांचं अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्यांना बसतो, हे लक्षात ठेवावं लागेल. अवयवांची यादी १९२३ च्या गिरणी कामगारासाठी होती, वाढ खुंटल्याची १९२७ ची व्याख्या साथीतल्या मुलांसाठी होती. दोन्ही आपापल्या काळी जखमी माणसांच्या बाजूने उभ्या होत्या आणि वेळोवेळी माणसांनीच त्या बदलल्या. निद्राज्वराच्या मुलांसाठी इंग्लंडने कायदा वाकवला, सिकलसेलच्या रुग्णांसाठी भारताने वाढवला. मुकुटबनच्या त्या चालकासाठी आणि त्याच्यामागे दिवस घालवणाऱ्या त्याच्या बायकोसाठी तो आणखी एकदा वाढवणं, हे या पिढीचं काम आहे.